सर्व्हर हलवताना सर्टिफिकेटचं काय करायचं? पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी

एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर मी पहिल्यांदा हलवला, त्या रात्री सगळं सुरळीत झालं. वेबसाइट उघडली, मेल आले-गेले, घरून काम करणाऱ्यांचं लॉगिन झालं. सर्टिफिकेटच्या फाइल्स जुन्या मशीनवरून उचलून नव्यावर ठेवल्या होत्या आणि ब्राउझरला काही तक्रार नव्हती. काम फत्ते. दोनेक महिन्यांनी एका सोमवारी सकाळी फोन आला: साइटवर भलंमोठं धोक्याचं पान येतंय, आपण हॅक झालो का? हॅक कोणी केलं नव्हतं. सर्टिफिकेटची मुदत रविवारी रात्री संपली होती. ते वेळच्या वेळी नवं करून आणणारं काम जुन्या मशीनवर चालायचं, आणि ते मशीन मीच बंद करून कपाटात ठेवलं होतं.

म्हणून या लेखात फाइल इकडून तिकडे कशी न्यायची यापेक्षा जास्त जागा दोन प्रश्नांना दिली आहे. सर्टिफिकेट नक्की कुठे कुठे लागलेलं आहे? आणि पुढच्या वेळी ते कोण बदलणार?

## आधी तीन गोष्टी पक्क्या करा

सर्टिफिकेट हा जाहीर कागद आहे. त्यावर तुमच्या डोमेनचं नाव असतं, पब्लिक की (सगळ्यांना देता येणारी कूटकिल्ली) असते, मुदतीच्या तारखा असतात आणि देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. साइटवर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो दिला जातो, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवायची असते ती प्रायव्हेट की, म्हणजे पब्लिक कीची गुप्त जोडीदार. ती सर्व्हरवर वेगळ्या फाइलमध्ये असते आणि तिच्याविना सर्टिफिकेट निरुपयोगी. "सर्टिफिकेट कॉपी केलं पण चालत नाही" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, की आणलीस का?

सर्टिफिकेट नावाला दिलेलं असतं, मशीनला नाही. मशीन, आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिम काहीही बदललं तरी नाव तेच असेल तर तेच सर्टिफिकेट चालतं. नावात मात्र एका अक्षराची सूट नाही. 'मेल' हे उपनाव सर्टिफिकेटात नसेल आणि मेलचं सॉफ्टवेअर त्या नावाने जोडत असेल, तर ते बोंब मारणारच.

तिसरी गोष्ट चेन. ब्राउझरजवळ काही मोजक्या रूट सर्टिफिकेटांची, म्हणजे ज्यांवर तो मुळातूनच विश्वास ठेवतो अशांची, यादी असते. तुमचं सर्टिफिकेट मात्र रूटने थेट सही केलेलं नसतं, मध्ये एखादं इंटरमीडिएट असतं. ते मधलं सर्टिफिकेट पाठवायची जबाबदारी तुमच्या सर्व्हरची. ते विसरलं की काय गंमत होते ते पुढे येईल.

## पायरी १: यादी करा, आणि ती खरी करा

वेबसाइटचं सर्टिफिकेट सगळ्यांच्या लक्षात असतं. बाकीची लक्षात राहत नाहीत. मेल सर्व्हरचं पाठवण्यासाठी (पोर्ट ५८७ किंवा ४६५) आणि वाचण्यासाठी (पोर्ट ९९३) सर्टिफिकेट लागतं. व्हीपीएन, रिमोट डेस्कटॉप गेटवे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं वेब पान, बॅकअपचं पॅनेल, कर्मचाऱ्यांच्या नावाने लॉगिन होणारं वाय-फाय, या प्रत्येकामागे एखादं सर्टिफिकेट असू शकतं. कोपऱ्यातला स्कॅनरसुद्धा स्कॅन केलेलं पान मेल करताना तुमच्या सर्व्हरशी टीएलएसने (सर्टिफिकेटवर चालणाऱ्या कूटबद्ध जोडणीने) बोलतो.

शोधायची माझी पद्धत अशी. जुन्या सर्व्हरवर कोणकोणती पोर्ट ऐकत आहेत ते काढायचं आणि प्रत्येकावर ओपनएसएसएल या सर्टिफिकेट हाताळणाऱ्या साधनाच्या एस-क्लायंट आज्ञेने जोडून कोणतं सर्टिफिकेट येतं ते पाहायचं. मेलच्या ५८७ पोर्टसाठी स्टार्ट-टीएलएसचा (जोडणी साधी सुरू करून मग कूटबद्ध करण्याचा) पर्याय द्यावा लागतो, नाहीतर तिथे सर्टिफिकेटच नाही असं वाटेल. मग बाहेरून बघायचं. सार्वजनिक संस्थांनी दिलेली सर्टिफिकेटं सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या जाहीर नोंदवह्यांत लिहिली जातात, आणि 'सीआरटी डॉट एसएच' सारख्या शोधपानावर आपलं डोमेन टाकलं की आजवर काढलेल्यांची जंत्री समोर येते. आधीच्या माणसाने चाचणीसाठी काढलेली उपनावंही त्यात सापडतात. मला तर दरवेळी एखादं तरी असं सापडतं ज्याबद्दल कार्यालयात कुणालाच माहिती नसते.

प्रत्येक नोंदीपुढे लिहा: नावं कोणती, कोणत्या सेवेला लागलंय, कोणी दिलं, कधी संपतं, आपोआप नवं होतं की हाताने, आणि विक्रेत्याकडचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे. शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर खातं असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि ते सोडवायला सर्व्हर हलवण्यापेक्षा जास्त दिवस लागू शकतात.

यादीत '.लोकल'ने संपणारं नाव दिसलं तर ते बाजूला काढा. अशा अंतर्गत नावांना सार्वजनिक संस्था आता सर्टिफिकेट देत नाहीत. १ नोव्हेंबर २०१५ नंतरची मुदत असलेली अशी सर्टिफिकेटं देणं बंद झालं, आणि उरलेली ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची होती. म्हणजे तुमच्याकडचं तसलं सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड (स्वतःच स्वतःवर सही केलेलं) आहे किंवा कार्यालयाच्या स्वतःच्या सर्टिफिकेट सर्व्हरने दिलेलं आहे.

आणि इथेच थांबून एक गोष्ट तपासा: जुना सर्व्हरच सर्टिफिकेट देणारा नाही ना? विंडोज स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ बसवताना सर्टिफिकेट सर्व्हिसेस हा भाग आपोआप बसत असे, त्यामुळे असा सर्व्हर आपल्याकडे आहे याचा मालकाला पत्ताच नसतो. तसं असेल तर सर्टिफिकेटच्या फाइल्स नेणं पुरेसं नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेची की, तिचा डेटाबेस आणि रजिस्ट्रीतली मांडणी या तिन्हींचा बॅकअप घेऊन ती नव्या मशीनवर त्याच नावाने उभी करावी लागते. जुन्या सर्व्हरचं डोमेन कंट्रोलरचं (कार्यालयाची लॉगिन सांभाळण्याचं) पद काढून घेण्याआधी हा भाग त्यावरून उतरवावाच लागतो. पाच-सात संगणकांचं कार्यालय असेल आणि त्या सर्टिफिकेटांचा वापर नाममात्र असेल, तर मी ही यंत्रणा नेत बसत नाही. त्यावर अवलंबून असलेल्या सेवांना सार्वजनिक सर्टिफिकेट देतो आणि तिला निरोप देतो. घाई मात्र नको, कोण अवलंबून आहे ते आधी पाहा.

## पायरी २: जुनं न्यायचं की नवं काढायचं?

पुस्तकी उत्तर: नव्या मशीनवर नवी की तयार करा आणि नवं सर्टिफिकेट काढा. कीला प्रवास घडला नाही की ती वाटेत कुणाच्या हाती लागायचा प्रश्न नाही. जुन्या मशीनवर गेल्या काही वर्षांत कोण कोण येऊन गेलं याची खात्री नसेल, तर हेच करा.

अडचण एवढीच की फुकट आणि आपोआप मिळणाऱ्या सर्टिफिकेटसाठी संस्था सहसा तुमच्या नावावर पोर्ट ८० ने येऊन एक फाइल मागते. तुमचं नाव तर अजून जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवतंय. नव्यावर सर्टिफिकेट नाही म्हणून नाव वळवता येत नाही, नाव वळवलं नाही म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही.

यातून वाटा तीन. एक, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकून मालकी सिद्ध करायची. यात सर्व्हर कुठे आहे याचा संबंधच येत नाही, आणि लेट्स एनक्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून वाइल्डकार्ड (सगळ्या उपनावांना चालणारं सर्टिफिकेट) हवं असेल तर हाच मार्ग आहे. दोन, तपासणीच्या त्या फाइलची मागणी जुन्या सर्व्हरने नव्याकडे वळवायची. तीन, आणि नवख्यांना मी हीच सुचवतो: जुनं सर्टिफिकेट कीसह नव्यावर न्यायचं, त्याच्या जोरावर नाव वळवायचं, आणि सगळं स्थिरावलं की त्याच आठवड्यात नव्या मशीनवर नव्या कीचं सर्टिफिकेट काढायचं. जुनं सर्टिफिकेट इथे फक्त पुलाचं काम करतं. त्याची मुदत महिन्याहून कमी उरली असेल तर आधी जुन्या मशीनवरच नवं करून घ्या, म्हणजे पूल मध्येच कोसळणार नाही.

विकत घेतलेलं सर्टिफिकेट असेल तर विक्रेत्याकडे री-इश्यूची सोय बघा. नव्या मशीनवर सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) तयार करून द्यायचा की उरलेल्या मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं. री-इश्यू केल्यावर जुनं लगेच रद्द होतं का, एवढं आधी विचारा. रद्द होणार असेल तर ते बटण शिफ्टिंगच्या आदल्या आठवड्यात दाबू नका.

## पायरी ३: डीएनएस

टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. आधीचा टीटीएल एक दिवसाचा असेल तर शेवटच्या क्षणी कमी करून काही मिळत नाही, कारण जुनं उत्तर लोकांच्या कॅशेत बसलेलंच असतं.

सीएए नोंद आहे का पाहा. कोणत्या संस्थेला तुमच्या नावाने सर्टिफिकेट देता येईल ते ती ठरवते, आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून सगळ्या सार्वजनिक संस्थांना ती तपासणं बंधनकारक आहे. संस्था बदलत असाल आणि नोंद जुन्याच संस्थेची असेल तर अर्ज फेटाळला जाईल.

क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६ ची नोंद, विसरू नका. लेट्स एनक्रिप्ट अशी नोंद असेल तर आधी तिकडेच जातं. ए नोंद (आयपीव्ही४ ची) नव्याकडे वळली, क्वाड-ए जुन्याकडेच राहिली, तर तुम्हाला घरून साइट व्यवस्थित दिसते आणि सर्टिफिकेट काही केल्या मिळत नाही. या एका नोंदीपायी मी एक अख्खी संध्याकाळ फायरवॉलचे नियम उलटेपालटे करत बसलो होतो.

## पायरी ४: फाइल्स नेणं

लिनक्सवर सर्टबॉट (लेट्स एनक्रिप्टची सर्टिफिकेटं काढणारं आणि नवी करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर 'लेट्सएनक्रिप्ट' फोल्डर संपूर्ण न्यायचं, सुट्या फाइल्स नाही. त्यातल्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये खऱ्या फाइल्स नसतात, 'आर्काइव्ह'कडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. आर-सिंकच्या आर्काइव्ह पर्यायाने किंवा टार करून नेलं तर लिंक जशाच्या तशा राहतात. माउसने ओढून नेलं की लिंकच्या जागी फाइल्स होतात. सर्टिफिकेट आज चालतं, पण पुढच्या नूतनीकरणाला सर्टबॉट अडून बसतो. 'रिन्यूअल' फोल्डरमधली मांडणीही उघडून वाचा. जुन्यावर वेब सर्व्हर म्हणून एनजिनएक्स होतं आणि नव्यावर अपाची असेल, तर तिथे अजून एनजिनएक्सचंच नाव असेल.

विंडोजवर सर्टिफिकेट आणि की एकत्र बांधून पीएफएक्स फाइल काढतात. व्यवस्थापनाची खिडकी उघडताना 'लोकल कॉम्प्युटर'चा साठा निवडा. 'करंट युजर'मध्ये आयात केलेलं सर्टिफिकेट आयआयएसला (विंडोजच्या वेब सर्व्हरला) दिसत नाही, आणि नवखे तिथेच तासन् तास घालवतात. निर्यातीच्या वेळी प्रायव्हेट कीचा पर्याय निवडताच येत नसेल, तर ती की निर्यातबंद ठरवलेली आहे. तिच्याशी झगडू नका, नवं काढा.

लिनक्सवरून विंडोजवर जाताना एक खोडा हमखास येतो. ओपनएसएसएल ३ ने बांधलेली पीएफएक्स फाइल विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याआधीच्या आवृत्त्या उघडत नाहीत, आणि कारण काय सांगतात तर पासवर्ड चुकीचा आहे. पासवर्ड बरोबर असतो. नव्या आवृत्तीची कूटपद्धत जुन्या विंडोजला कळत नाही, एवढंच. ओपनएसएसएलला 'लेगसी' पर्याय देऊन फाइल पुन्हा बांधा.

की नेताना एससीपी किंवा एसएफटीपी (फाइल कूटबद्ध जोडणीवरून नेण्याच्या पद्धती) वापरा. ईमेलला जोडून, चॅटवर पाठवून किंवा सामायिक ड्राइव्हवर ठेवून नाही. तिथून ती पुसली गेली याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. नव्या मशीनवर कीच्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. सर्टिफिकेट आणि की एकमेकांचीच आहेत ना, हे दोघांतून पब्लिक की काढून ताडून बघा. सारख्या नावाच्या चार फाइल्स असल्या की अदलाबदल सहज होते.

## पायरी ५: लावणं, आणि चेन

एनजिनएक्सला 'फुलचेन' फाइल द्या, नुसती 'सर्ट' नाही. अपाचीतही २.४.८ पासून एकाच फाइलमध्ये आधी तुमचं आणि त्याखाली इंटरमीडिएट असं चालतं. क्रम उलटा झाला तर गडबड होते. विंडोजवर इंटरमीडिएट त्याच्या स्वतंत्र साठ्यात गेलं पाहिजे.

आता ती गंमत. इंटरमीडिएट राहून गेलं तरी तुमच्या संगणकावर साइट छान उघडू शकते, कारण काही ब्राउझर हरवलेला दुवा स्वतः शोधून आणतात किंवा आधी कधीतरी जपून ठेवलेला वापरतात. कर्ल (आज्ञेने वेब पान मागवणारं साधन), मेलचं सॉफ्टवेअर आणि पैसे जमा झाल्याची सूचना पाठवणारी पेमेंटची यंत्रणा हे लाड करत नाहीत. मग "माझ्याकडे तर उघडतंय" आणि "ऑर्डरी येत नाहीत" ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असतात. ब्राउझरवर विसंबू नका, एस-क्लायंटने किती सर्टिफिकेटं येतात ते मोजा. सार्वजनिक सर्टिफिकेट असेल आणि एकच येत असेल तर चेन तुटलेली आहे.

## पायरी ६: नाव वळवण्याआधी तपासा

स्वतःच्या लॅपटॉपवरच्या होस्ट्स फाइलमध्ये खऱ्या नावापुढे नव्या सर्व्हरचा आयपी लिहा. आता जगासाठी साइट जुन्यावर आणि तुमच्यासाठी नव्यावर. आयपी टाकून साइट उघडून बघण्याला काही अर्थ नाही, सर्टिफिकेट नावाचं असल्यामुळे इशारा येणारच. एस-क्लायंट वापरताना सर्व्हरनेमचा पर्याय द्या, कारण एका आयपीवर अनेक साइट असल्या की कोणतं सर्टिफिकेट द्यायचं हे सर्व्हर त्या नावावरून ठरवतो.

यादीतली प्रत्येक ओळ अशी तपासा. मेल आणि व्हीपीएनसुद्धा. काम झालं की होस्ट्समधली ओळ काढा. मी एकदा विसरलो आणि पुढच्या शिफ्टिंगला दोन तास भुताटकी शोधत होतो.

एखादं जुनं यंत्र नव्या सर्व्हरशी जोडायलाच तयार नसेल तर दोष सर्टिफिकेटचा असेलच असं नाही. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले आणि नव्या सर्व्हरवर ते बहुधा बंदच असतात. दहा वर्षांचा स्कॅनर तिथे अडतो. त्याच्यासाठी सगळा सर्व्हर सैल करू नका. स्कॅनर फोल्डरमध्ये फाइल टाकू शकतो का ते बघा.

एचएसटीएस (साइट फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायची ही ब्राउझरला दिलेली सूचना) चालू असेल तर चुकीला माफी नाही, हेही ध्यानात ठेवा. त्या साइटवर एरवी मिळणारं 'तरीही पुढे जा' हे बटण ब्राउझर देतच नाही.

## पायरी ७: वळवण्याचा दिवस

यात सांगण्यासारखं फार नाही. ए आणि क्वाड-ए दोन्ही बदला, नव्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे ना बघा, जुना सर्व्हर चालूच ठेवा.

## पायरी ८: नूतनीकरण

वरचं सगळं जमलं आणि हे राहिलं, तर माझ्यासारखा सोमवार तुमच्याही वाट्याला येईल.

नाव वळल्यावर लगेच नव्या मशीनवर सर्टबॉटची सराव फेरी चालवा. ड्राय-रनचा पर्याय दिला की सर्टबॉट चाचणीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे खऱ्या मर्यादा खर्ची पडत नाहीत. या मर्यादा नवख्यांना लवकर गाठतात: अगदी तीच नावं असलेली सर्टिफिकेटं ७ दिवसांत ५ च मिळतात, आणि एका नावाची तपासणी तासात ५ वेळा फसली की थांबावं लागतं. "पुन्हा एकदा करून बघू" ही सवय इथे महागात पडते.

सराव फेरी जमली की नव्या कीचं खरं सर्टिफिकेट काढून पूल बदलून टाका. मग टायमर खरोखर चालू आहे का ते सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा आणि टायमर सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) यादीत डोळ्यांनी पाहा.

एवढ्याने भागत नाही. नवी फाइल डिस्कवर आली म्हणून सेवा ती वापरू लागते असं नाही. एनजिनएक्स आणि मेलचे पोस्टफिक्स, डव्हकॉट यांना रीलोड करायला सांगावं लागतं आणि ते काम डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट चालवतो त्या आज्ञांमध्ये) लिहायचं असतं. साध्या सराव फेरीत हा हुक चालत नाही, म्हणून तो वेगळा चालवून बघा. वेबसाइटचं सर्टिफिकेट नवं आणि मेलचं तेच तीन महिन्यांपूर्वीचं, असं जिथे दिसतं तिथे हुकमध्ये मेलची ओळ राहिलेली असते. विंडोजवर याचं रूप वेगळं: नव्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (ओळखीचा आकडा) नवा असतो, आणि आयआयएसच्या बाइंडिंगला व रिमोट डेस्कटॉप गेटवेला तो पुन्हा जोडून द्यावा लागतो.

आणि मुदतीवर स्वतंत्र नजर ठेवा, सर्व्हरच्या बाहेरून. लेट्स एनक्रिप्ट पूर्वी मुदत संपत आल्याचे मेल पाठवायचं, ते ४ जून २०२५ पासून बंद झालं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर रोज एकदा धावणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते: यादीतल्या प्रत्येक नावाला आणि पोर्टला जोडायचं, शेवटची तारीख वाचायची, २० दिवसांहून कमी उरले की दोन माणसांना मेल. दोन अशासाठी की एक नेमका सुट्टीवर असतो.

"आम्ही विकतचं वर्षभराचं घेतो, हे हवं कशाला?" असं म्हणायची सोय संपत चालली आहे. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने करता येणारं काम दीड महिन्याला करायची वेळ आली की कोणीतरी विसरणारच. सर्व्हर हलवताना सगळं उघडलेलं असतंच, तर आपोआप नूतनीकरण तेव्हाच बसवून घ्या.

## पायरी ९: जुनं मशीन

लगेच पुसू नका आणि लगेच बंदही करू नका. आधी त्यावरचा नूतनीकरणाचा टायमर थांबवा, म्हणजे ते विनाकारण तपासण्या फसवत बसणार नाही. मग दोन आठवडे त्याच्या लॉग फाइल्स वाचा. नाव वळल्यावरही कोणीतरी त्याचं दार ठोठावत असतं: कुणीतरी आयपीच लिहून ठेवलेला प्रिंटर, शाखेतला एखादा संगणक, बाहेरची एखादी सेवा. एकेकाला नव्या पत्त्यावर पाठवा.

ठोठावणं थांबलं की डिस्कवरच्या प्रायव्हेट की पुसा, आणि बॅकअपमध्ये त्या कुठे कुठे आहेत तेही शोधा. मशीन विकायचं किंवा परत द्यायचं असेल तर डिस्क पूर्ण पुसूनच द्या. सर्व्हर निवृत्त झाला एवढ्यावरून सर्टिफिकेट रद्द करायची गरज नसते, मुदत संपेल तसं ते संपेल. पण डिस्क हरवली, किंवा मशीन कोणी न पुसताच उचलून दिलं असं कळलं, तर त्याच दिवशी संस्थेला कळवा. की उघड झाल्याचं सिद्ध झालं की तिने २४ तासांत ते सर्टिफिकेट रद्द करायचं असतं. त्याआधी नव्या कीचं सर्टिफिकेट सगळ्या सेवांना लागलेलं आहे ना, एवढं तेवढं बघून घ्या.